टेकाडाखालचं टाकं

चष्मेवाल्याला गावात सगळे राजधानी म्हणत. हे नाव लोकांनीच ठेवलेलं, आणि लोकांनी ठेवलेलं नाव अंगावरच्या तिळासारखं असतं. घासून जात नाही. माणूस बसायचा बाजारपेठेतल्या अरुंद दुकानात, पण बोलायचा सगळं देशाच्या राजधानीबद्दल. कोणत्या मंत्र्याचं खातं बदलणार, अर्थसंकल्पात कशावर कर बसणार, शेजारच्या देशाला कसं ठणकावलं पाहिजे, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हा त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवायचा आणि एकेक काच सरकवत विचारायचा, "आता खालची ओळ दिसते? बरं, मग मला सांगा, संरक्षणावरचा खर्च वाढवला ते चूक की बरोबर?" नाकावर चौकट आणि हनुवटीखाली त्याचा हात, अशा अवस्थेत कोण वाद घालणार? लोक 'बरोबर' म्हणायचे आणि चष्मा घेऊन जायचे. चष्मे मात्र तो अव्वल करायचा. काचेची कड बोटानं अशी चाचपायचा की बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत."

पक्षाचा तो जुना कार्यकर्ता. पक्ष विरोधात होता तेव्हापासून भिंती रंगवल्या, सतरंज्या उचलल्या, सभेला दहा माणसं आली तरी शंभर आल्यासारख्या घोषणा दिल्या. आता त्याच पक्षाचं देशात सरकार आलं होतं, आणि राजधानी पेठेतून चालायचा तो जणू मंत्रिमंडळाची बैठक आटपूनच.

त्याचं हे विमान खाली उतरवणारं माणूस एकच, ते म्हणजे अक्का, त्याची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती अपक्ष म्हणून नगरपालिकेत निवडून आली होती. तिच्या पिशवीत कायम कुठला तरी तुटलेला नळ नाहीतर जळलेला दिवा असायचा. पुराव्याशिवाय ती अधिकाऱ्यांशी बोलत नसे. भाऊ-बहिणीची घरं एका गल्लीत, चहा रोजचा, आणि भांडणही रोजचं.

"अक्का, तू गटाराच्या झाकणापलीकडे बघतच नाहीस."

"झाकण नसलं की माणूस आधी गटारात पडतो. मग देशाकडे बघायला वर कोण येणार?"

"अगं, डोकं ठिकाणावर असलं की हातपाय आपोआप चालतात. देशाचंही तसंच."

"असेल. पण पायात काटा मोडला की डोक्याला दुसरं काही सुचतं का, ते सांग."

यावर राजधानी चहाचा कप जरा जोरात ठेवायचा आणि त्याची बायको हसून स्वयंपाकघरात जायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या वर्षी गावात बातमी आली की पाणीखात्याच्या मंत्रीबाई स्वतः येणार. देशाच्या मंत्रिमंडळातल्या. गावासाठी नवी पाणीयोजना मंजूर झाली होती, तिची कोनशिला बसवायची होती. पक्षाच्या शहराध्यक्षांनी राजधानीला कार्यालयात बोलावलं. अध्यक्ष हडकुळे, घाईचे, एका वेळी दोघांशी बोलणारे.

"राजधानी, प्रास्ताविक तू करायचं."

राजधानीला वाटलं, मागे कुणी उभं असेल. त्यानं वळून पाहिलं.

"तूच रे! इतकी वर्षं घसा फोडतोयस, आता माईकवर फोड. फार लांबवू नकोस. एकच गोष्ट ठासून सांगायची, की आपलं सरकार येईपर्यंत या गावात पाण्यासाठी कुणी वीटसुद्धा रचली नव्हती. आणि हो, ते जुनं टाकं धुवायला रिकामं केलंय म्हणे. जाऊन बघून ये. पडझड, शेवाळ, जे दिसेल त्याचं वर्णन घाल भाषणात. लोकांना पटलं पाहिजे."

राजधानी घरी आला तो जमिनीवर पाय न टेकवताच. बायकोनं त्याचा ठेवणीतला सदरा इस्त्री करायला काढला. अक्काला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "टाकं बघायला उद्या सकाळी मीही जाणारच आहे. नगरपालिकेचं आहे ते. चल माझ्याबरोबर. आपण रोज ज्याचं पाणी पितो, त्याला शिव्या देण्याआधी तोंड तरी दाखव."

टाकं म्हणजे गावाच्या वरच्या अंगाचं टेकाड. वरून बघणाऱ्याला तिथे काहीच नव्हतं. गवत, कडेनं लोखंडी कठडा, मधूनमधून कमरेएवढी दगडी धुराडी, हवा खेळायला ठेवलेली. पोरं त्या धुराड्यांना यष्ट्या मानून क्रिकेट खेळत. खाली पाणी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पाणी कसं राहतं, हे कुणी पाहिलं नव्हतं. टाकं पूर्ण रिकामं करायची वेळ माणसाच्या आयुष्यात एखाद्या वेळी येते, ती या पिढीला पहिल्यांदाच आली होती.

पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर बाई वाट बघत होत्या. तरुण होत्या, पायात रबरी बूट, हातात बॅटरी. त्यांनी गवतातलं लोखंडी झाकण उघडून दिलं. खाली दगडी पायऱ्या उतरत होत्या.

"जपून. ओल आहे," त्या म्हणाल्या. "आणि आत हळू बोला. मोठ्यानं बोललं की आपलंच आपल्याला कळत नाही."

"ह्याला तेच सांगा, इतकी वर्षं आमचं कुणी ऐकत नाही," अक्का म्हणाली आणि पदर खोचून उतरायला लागली.

राजधानी तिच्यामागे उतरला. खिशात पेन होतं, डोक्यात शब्द तयार होते: पडझड, दुरवस्था, अनास्था. पायऱ्या संपतील असं वाटत होतं तिथे संपल्या नाहीत. थंडी अंगाला लागायला लागली. शेवटची पायरी आली, त्यानं पाय टेकवला, मान वर केली, आणि तसाच उभा राहिला.

खांब होते. समोर खांब, त्यांच्यामागे खांब, त्यांच्यामागे अंधारात विरत गेलेले आणखी खांब. प्रत्येकाच्या माथ्यावरून कमानी सुटलेल्या, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवल्यासारख्या. वरच्या धुराड्यांतून उन्हाचे झोत सरळ खाली आले होते आणि ओल्या फरशीवर पडून पुन्हा छताकडे उजळत होते, त्यामुळे सगळं छत हलल्यासारखं दिसत होतं. पेठेतली त्यांची सगळी गल्ली, दुकानं आणि माड्यांसकट, इथे सहज मावली असती. कुठेतरी लांब एक थेंब पडला. त्याचा आवाज खांबाखांबाला विचारत विचारत त्यांच्यापर्यंत आला.

राजधानीचा खिशातल्या पेनावरचा हात खाली आला. अक्काचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती स्वतःच भिंतीला हात लावून उभी होती. टाक्यावरून तिनं सभागृहात किती भाषणं केली होती, किती ठराव मांडले होते, पण हे तिनंही पाहिलं नव्हतं.

"शेवाळ?" शेवटी राजधानी म्हणाला.

"नाही," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "एरवी धुराड्यांवर टोपणं असतात, आत अंधार असतो, शेवाळ धरत नाही. तळाला जरा गाळ होता, तो काढला. दोन-तीन ठिकाणी सांधे भरायचे आहेत. एरवी काही झालेलं नाही. मीसुद्धा कागदावरच पाहिलं होतं. काल पहिल्यांदा उतरले, तर जेवायला वर जायचं विसरले."

राजधानी चालायला लागला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की कुठलेच दोन खांब सारखे नाहीत. एक गोल, एक आठपैलू, एक चौकोनी आणि भक्कम, एक इतका बारीक की ह्याच्यावर भार टाकायची छाती कुणाची झाली असेल असं वाटावं. चष्मेवाल्याची नजर, सवयीनं ती खालपासून वर चढली. डोळ्यांच्या उंचीवर दगडात काहीतरी कोरलेलं होतं. त्यानं बॅटरी मागून घेतली.

कात्री होती. शिंप्याची.

पुढच्या खांबावर चाक होतं, कुंभाराचं. पुढे वल्हं. पुढे धोटा, मागावरचा. तराजू. घोड्याची नाल. दाई नाळ कापायला वापरते तशी एक लहानशी कैची. राजधानी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत आधी चालत, मग जवळजवळ पळतच गेला.

"हे काय आहे हो, बाई?"

"ज्या त्या आळीनं आपापला खांब उभा केला, असं सांगतात. जशी ज्याची ऐपत आणि जसा ज्याचा गवंडी. फक्त उंची सगळ्यांनी एक ठेवायची, एवढंच ठरलेलं."

"कुठल्या सरकारच्या काळात?"

"कुठल्याच म्हणायचं. तेव्हा राजगादीच्या दोन दावेदारांचं भांडण चालू होतं. गाव कुणाचं, हेच ठरलं नव्हतं. इकडे कुणी फिरकत नव्हतं. लोक किती दिवस थांबणार? तहान लागली होती."

अक्कानं श्वास घेतला. राजधानीला वाटलं, आता ही बोलणार. पण ती कात्रीच्या खांबाशी परत जाऊन कात्रीवरून बोट फिरवत राहिली. त्यांचे आजोबा शिंपी होते.

एका खांबावर मात्र काहीच कोरलेलं नव्हतं. त्यावर हातानं घासून घासून आरशासारखी झिलई आणली होती, बस. कुणाचा तो खांब? बाईंनी खांदे उडवले. राजधानी त्याच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला. एवढं सुंदर काम करून आपली खूण न ठेवता निघून गेलेली माणसं कोण असतील? मागे भिंतीवर, त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर, पाण्याची काळसर रेघ दिसत होती. एरवी तो इथे उभा असता तर त्याच्यावर आणखी एक मजला पाणी असतं. वर पोरं चेंडू मारत होती, लोक नळ सोडून तोंड धुत होते, तो स्वतः गिऱ्हाइकाला अर्थसंकल्प समजावून देत होता, आणि त्या सगळ्या वेळात हे इथे अंधारात उभं होतं, पाणी पेलत.

"चला, आता मुख्य गंमत," बाई म्हणाल्या.

शेवटच्या भिंतीत एक तोंड होतं. लोखंडी नळाचं, पण नळ कसला, माणूस न वाकता आत उभा राहावा एवढं. कडेवर जाड अक्षरं ओतलेली होती, आणि एक राजमुद्रा. शाळेच्या पुस्तकात असते ती, कधीच्या बुडालेल्या राज्याची.

"हा नंतरचा. आधी विहिरींचं पाणी वाहून भरायचे. मग एका दुष्काळात त्या राज्याच्या दरबारातून हुकूम निघाला आणि हा नळ टाकला गेला. पलीकडच्या प्रांतातल्या सरोवरापासून, मधले डोंगर फोडून. तो मुलूखही वेगळा, भाषाही वेगळी. दोन्हीकडचे लोक एरवी एकमेकांचं तोंड बघत नव्हते."

राजधानीनं त्या थंड लोखंडावर तळवा ठेवला. आतून मंद वारा येत होता. केव्हातरी, कुठल्यातरी लांबच्या दालनात, या गावाचं नावही नीट उच्चारता न येणाऱ्या कुणीतरी ठरवलं होतं की तिथल्या माणसांना पाणी मिळालं पाहिजे. आणि ते पाणी डोंगराच्या पोटातून येऊन शिंप्याकुंभारांच्या कमानींखाली थांबलं होतं.

"बघ अक्का," तो कुजबुजला, "वरून आल्याशिवाय होत नाही."

"खरं आहे," अक्का म्हणाली. "आणि खाली भांडं नसतं तर वरून आलेलं वाहून गेलं असतं."

"तेही खरं आहे," राजधानी म्हणाला. अक्कानं चमकून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिचं वाक्य खोडलं नव्हतं.

सभेच्या दिवशी मैदान गच्च भरलं. मंत्रीबाई आल्या. वयस्क, सुती साडीतल्या, प्रवासानं शिणलेल्या. खुर्चीवर बसताना गुडघा धरून बसल्या. राजधानी माईकसमोर उभा राहिला. तयार केलेलं भाषण त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं, पण तिकडे हात गेला नाही.

"माझ्या गावकऱ्यांनो," तो म्हणाला, "मला सांगायला सांगितलं होतं की या गावात पाण्यासाठी कुणी वीट रचली नव्हती. काल मी खाली जाऊन आलो. वीट नाही हे खरं आहे. सगळा दगड आहे."

लोक हसले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. राजधानी बोलत गेला. घसा फोडला नाही. जे पाहिलं ते सांगितलं. कात्री सांगितली, वल्हं सांगितलं, दाईची कैची सांगितली. न ओळखू येणारा खांब सांगितला. नळावरची राजमुद्रा सांगितली. घोषणांची सवय झालेलं मैदान हळूहळू पुढे सरकून ऐकायला लागलं. अध्यक्ष मागून सदऱ्याचं टोक ओढत होते.

"मी पक्षाचा माणूस आहे, मरेपर्यंत राहीन," तो शेवटी म्हणाला. "नवी योजना आमच्या सरकारनं दिली, त्याचा मला अभिमान आहे. पण बाईसाहेब, आपण कोरं पान भरायला आलेला नाहीत. इथे आधीच फार सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे. त्याच्या खालची ओळ आपण लिहायची आहे. तेवढी बरी लिहा, म्हणजे झालं."

टाळ्या वाजल्या त्या थांबेनात. खाली उतरताना अध्यक्ष दातांतून म्हणाले, "पुढच्या सभेला तू सतरंजीवर." राजधानीनं मान हलवली. सतरंजीची ओळख जुनीच होती.

मंत्रीबाईंचं भाषण छोटं झालं. कोनशिला बसली. गाड्या सुरू झाल्या. तेवढ्यात बाईंनी काच खाली केली आणि राजधानीला खूण केली.

"ते अजून रिकामं आहे?"

"हो बाईसाहेब. उद्या सकाळी भरणार."

"मला दाखवा."

अधिकाऱ्यांची पळापळ झाली. वेळ नाही, सुरक्षा नाही, पायऱ्या ओल्या आहेत. बाई म्हणाल्या, "माझे गुडघे आहेत, मी बघते." आणि राजधानीच्या खांद्यावर एक हात, अक्काच्या खांद्यावर दुसरा, अशा त्या एकेक पायरी उतरल्या. खाली पोचल्यावर शेवटच्या पायरीवर बसल्या. उन्हं तिरपी झाली होती, झोत तांबूस झाले होते. आयुष्यभर ज्यांच्या सभांच्या सतरंज्या उचलल्या त्यांच्यापैकी एक व्यक्ती आपल्याशेजारी पायरीवर बसली आहे, हे राजधानीला कळत होतं; पण त्याचं नवल वाटायला मनात जागाच उरली नव्हती.

"किती योजनांवर सह्या केल्या मी," बाई हळूच म्हणाल्या. "पाणी आत येताना कधी पाहिलं नाही."

"उद्या थांबा ना," अक्का एकदम म्हणाली, घरच्या पाहुणीला म्हणावं तसं.

बाई हसल्या. "उद्या संसदेत मतदान आहे." उठताना त्यांनी जवळच्या खांबावर हात ठेवला आणि इंजिनिअर बाईंकडे वळल्या. "नव्या आराखड्यात हे टाकं बंद करायचं लिहिलंय का?"

"लिहिलंय."

"का?"

"जुनं आहे म्हणून."

मंत्रीबाई पायऱ्यांकडे वळल्या. वर गेल्यावर गाडीत बसण्याआधी त्यांनी आपल्या सचिवाला जवळ बोलावलं, टेकाडाकडे बोट दाखवलं आणि त्याला बरंच काही सांगितलं. सचिव मान हलवत होता. गाड्या गेल्या.

तोवर टेकाडावर माणसांचा पूर आला होता. भाषण ऐकून आधी चार-दोन जण आले होते. आता घरंच्या घरं येत होती. इंजिनिअर बाईंनी अक्काकडे पाहिलं, अक्कानं राजधानीकडे.

"अंधार पडेपर्यंत सोडू या," अक्का म्हणाली. "मी नगराध्यक्षांना सांगते. तू रांग लाव."

मग राजधानीनं रांग लावली. त्याच्या पक्षाचे कार्यकर्ते पायऱ्यांवर उभे राहिले, विरोधी पक्षाचे तळाशी. बिल्ले तसेच होते, फक्त हात एकमेकांच्या हातात म्हाताऱ्यांना सोपवत होते. नावाड्यांची एक आजी वल्ह्याच्या खांबाला गाल लावून उभी राहिली, हलेचना. तिची सून म्हणाली, "आई, मागे लोक आहेत." आजी म्हणाली, "मागे तर आपले वाडवडीलही आहेत." कुंभार आले, मोटारी दुरुस्त करणारे आले आणि आपला खांब कुठला म्हणून वाद घालत घोड्याच्या नालेवर समाधान मानून गेले. परवा-परवा गावात राहायला आलेलं एक जोडपं बिनखुणेच्या खांबापाशी थांबलं. "हा आमचा म्हटला तर चालेल का?" नवऱ्यानं विचारलं. राजधानी म्हणाला, "कुणी हरकत घेतली तर माझ्याकडे पाठवा."

आत जाताना सगळे बोलत जात. बाहेर आल्यावर बरेच जण पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता पाणी सोडायचं ठरलं होतं. झाकण उघडं ठेवून इंजिनिअर बाई, अक्का आणि राजधानी पायऱ्यांवर, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेच्या जरा वर बसले. लांब कुठेतरी झडप उघडल्याचा निरोप फोनवर आला.

"ऊन वर येईल तोवर," बाई म्हणाल्या. "डोंगरातून यायचंय."

आधी पाणी आलं नाही. आधी वारा आला. नळाच्या तोंडातून थंड, ओला वारा, आणि त्याला वास होता, गवताचा, चिखलाचा, माशांचा. त्यांच्यापैकी कुणीच कधी न पाहिलेल्या सरोवराचा. मग जमिनीतून एक हुंकार आला. तो वाढत गेला, पायऱ्या थरथरायला लागल्या, अक्का लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं तिनं राजधानीचं मनगट धरलं. आणि पाणी आलं. पांढरंशुभ्र, एका दमात, सगळ्या खांबांमधून धावत, उन्हाचे झोत फोडत. कमानींनी तो आवाज झेलला आणि परत दिला, इतका मोठा की आवाजच राहिला नाही, नुसती छातीतली थरथर उरली.

मग ते शांत होत गेलं. कितीतरी वेळ चढत गेलं. चाक बुडालं, वल्हं बुडालं, कात्री पाण्याखाली जाताना क्षणभर मोठी झाल्यासारखी दिसली, आणि दिसेनाशी झाली. आता फक्त कमानी होत्या आणि त्यांच्याखाली उलट्या कमानी.

राजधानीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं; तुषार होते की दुसरं काही, अक्कानं विचारलं नाही. तिघं वर आल्यावर बाईंनी झाकण ओढून घेतलं. ते गवतावर उभे राहिले. दिवस चांगला वर आला होता, घराघरांत पुन्हा नळ सोडल्याचे आवाज येत होते. आपण कशावर उभे आहोत हे आठवून राजधानीनं पाऊल जरा हलकं टाकलं, आणि बहिणीचा हात धरून टेकाड उतरायला लागला.